पायथनमध्ये एसक्यूलाइट शिकताय आणि नोंदी गायब होतायत? ओआरएमकडे पळण्याआधी हे वाचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं आहे ना की दोनेक महिने तुम्ही पायथनमधून एसक्यूलाइट, म्हणजे एकाच फाइलमध्ये राहणारा डेटाबेस, शिकताय, व्हिडिओ बघून टेबल बनवणं, इन्सर्ट, सिलेक्ट सगळं जमतं, पण स्वतःचा छोटा प्रोग्राम लिहायला घेतला, कुणाला कुठलं पुस्तक वाचायला दिलंय त्याची नोंद ठेवणारा, की कधी टाकलेल्या नोंदी दुसऱ्या दिवशी दिसतच नाहीत, कधी 'डेटाबेस इज लॉक्ड' येतं, आणि आता मित्र म्हणतोय हे सगळं सोड, सरळ एसक्यूएलअल्केमी शिक, म्हणजे ओआरएम, हाताने एसक्यूएल न लिहिता पायथनच्या ऑब्जेक्टमधून टेबलं हाताळू देणारी लायब्ररी. मग काय करू, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली बरीच वर्षं रोजच्या कामात एसक्यूलाइट वापरतोय, आणि नवीन आलेल्या मुलामुलींना शिकवतोही, म्हणून सविस्तर लिहितो. कोडमधले शब्द देवनागरीतच लिहितोय, त्यांचं स्पेलिंग तुम्हाला माहीत आहेच.

पहिली गोष्ट, लायब्ररी तुम्हाला येतेय. पायथनमधलं हे एसक्यूलाइट-३ मॉड्यूल मुळात लहान आहे, कनेक्ट, एक्झिक्यूट, फेच, कमिट, क्लोज, एवढ्यात बहुतेक काम भागतं. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. आपण लिहिलेली नोंद पक्की कधी होते, म्हणजे ट्रान्झॅक्शन कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं, हे त्या व्हिडिओंमध्ये कुणी थांबून सांगत नाही, शेवटी एक कमिटची ओळ टाकतात आणि पुढे जातात. तुमच्या दोन्ही तक्रारी बघायला वेगळ्या वाटतात पण मूळ बहुतेक एकच आहे. नोंद गायब झाली तेव्हा ट्रान्झॅक्शन कमिट न होताच प्रोग्राम संपला, आणि लॉक आला तेव्हा कुणीतरी ट्रान्झॅक्शन उघडून तसंच ठेवलं होतं.

हे वाचून पटणार नाही, करून बघा. टर्मिनलच्या दोन खिडक्या उघडा, दोन्हीत पायथन सुरू करा आणि एकाच फाइलला कनेक्ट करा, टेबल आधीच बनवून ठेवा. पहिल्या खिडकीत एक पुस्तक इन्सर्ट करा आणि कमिट करू नका. तिथेच काउंट विचारा, १ येईल. आता दुसऱ्या खिडकीत तोच काउंट विचारा, ० येईल. इथेच सगळे फसतात, कारण ज्या कनेक्शनने लिहिलं त्याला स्वतःचं अर्धवट लिखाण दिसतं, म्हणून प्रोग्राम चालू असताना प्रिंट करून बघितलं की सगळं छान वाटतं. आता दुसऱ्या खिडकीतूनही एक पुस्तक इन्सर्ट करून बघा. पाचेक सेकंद काहीच होणार नाही, आणि मग येईल तुमचा तो 'डेटाबेस इज लॉक्ड'. शेवटी पहिली खिडकी कमिट न करता बंद करा आणि दुसरीत काउंट विचारा, परत ०. तुमची दोन महिन्यांची डोकेदुखी या दोन खिडक्यांत पाच मिनिटांत दिसते.

असं का होतं ते सांगतो. इन्सर्ट, अपडेट, डिलीट, रिप्लेस यांतलं काहीही एक्झिक्यूट केलं की त्याच्या आधी हे मॉड्यूल गुपचूप 'बिगिन' पाठवतं, म्हणजे ट्रान्झॅक्शन तुमच्या नकळत सुरू झालेलं असतं, संपवायचं काम मात्र तुमचं. सिलेक्टला हे लागू नाही. आणि ते पाच सेकंद कुठून आले, तर कनेक्टला टाइमआउट नावाचं आर्ग्युमेंट असतं, त्याची डिफॉल्ट किंमत ५ सेकंद आहे, तेवढा वेळ वाट बघतं आणि मग एरर देतं.

एसक्यूलाइटला सर्व्हर नाही हे इथे लक्षात ठेवायला हवं. एसक्यूलाइट लिहिणाऱ्या रिचर्ड हिप यांनी ते २००० साली पहिल्यांदा दिलं, त्याआधी ते अमेरिकन नौदलाच्या एका युद्धनौकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते आणि डेटाबेस सर्व्हर पडला की त्यांचा प्रोग्रामही अडून बसायचा, म्हणून सर्व्हरच नको असा विचार झाला. पायथनमध्ये ते २००६ साली, २.५ व्हर्जनपासून सोबतच यायला लागलं. सर्व्हर नसल्यामुळे दोन प्रोग्राम एकाच वेळी लिहायला आले तर त्यांच्यात मध्यस्थ कुणी नसतो, फाइलवरचा लॉक हाच काय तो मध्यस्थ, आणि एका वेळी लिहिणारा एकच.

मी स्वतः यात पोळलोय. एका ठिकाणी रोज रात्री चालणारी स्क्रिप्ट लिहिली होती, यंत्रांची रीडिंग्ज घेऊन साठवायची. कमिट होतं, पण ते इफच्या एका फांदीत होतं, आणि ठरावीक प्रकारची रीडिंग आली की प्रोग्राम दुसऱ्या फांदीने बाहेर पडायचा. लॉगमध्ये 'अमुक नोंदी टाकल्या' असं व्यवस्थित येत होतं कारण लॉगची ओळ इन्सर्टच्या लगेच खाली होती. दोन दिवसांचा डेटा गेला, तो परत मिळवता आला नाही. त्या दिवसापासून सुटं कमिट लिहिणं मी जवळपास सोडलं आणि 'विथ कॉन' वापरायला लागलो. विथच्या ब्लॉकमध्ये सगळं नीट झालं तर कमिट, एक्सेप्शन आलं तर रोलबॅक, म्हणजे अर्धवट लिहिलेलं सगळं मागे, दोन्ही आपोआप. आणि लॉगची ओळ नेहमी ब्लॉकच्या बाहेर, खाली.

पण या विथबद्दल एक मोठा गैरसमज आहे. फाइल उघडताना विथ संपलं की फाइल बंद होते, तसं इथे कनेक्शन बंद होत नाही! विथ फक्त ट्रान्झॅक्शन मिटवतं, कनेक्शन उघडंच राहतं. बंद करायचं काम वेगळं, त्यासाठी कॉन्टेक्स्टलिबमधलं क्लोजिंग वापरा नाहीतर फायनलीमध्ये क्लोज लिहा. पायथन ३.१३ पासून न मिटलेल्या कनेक्शनबद्दल रिसोर्स वॉर्निंगही येते. आणि ३.१२ पासून ऑटोकमिट नावाची नवीन सोय आलीय, कुणीतरी तुम्हाला सांगेल की ती ट्रू कर म्हणजे कमिटची कटकटच नाही, तर ते आत्ता करू नका, कारण ऑटोकमिट ट्रू असताना 'विथ कॉन' काहीच करत नाही, ना कमिट ना रोलबॅक, म्हणजे तुम्ही विथ लिहून निश्चिंत आणि अर्धवट काम फाइलमध्ये तसंच राहिलेलं.

आता रोलबॅक कशाला हवा असं वाटत असेल तर तुमचाच प्रोग्राम घ्या. पुस्तक दिलं की देवघेवीच्या टेबलमध्ये नोंद होणार आणि वाचकाच्या नावावरची पुस्तकांची संख्या एकने वाढणार, समजा तुम्ही तशी संख्या ठेवलीय. पहिलं झालं आणि दुसऱ्याच्या आधी प्रोग्राम पडला तर हिशोब कायमचा चुकला. दोन्ही एका विथमध्ये असतील तर एकतर दोन्ही होतील नाहीतर एकही नाही. ट्रान्झॅक्शन मोजायचं ते असं, की कुठल्या गोष्टी एकत्रच व्हायला हव्यात, तेवढ्या एका ब्लॉकमध्ये, जास्त नको. तुमचा लॉक बहुतेक या 'जास्त'मुळे येत असणार. इन्सर्ट केलं, मग युजरला इनपुट विचारलं, तो चहा प्यायला गेला, आणि कमिट त्याच्या उत्तरानंतर. तेवढा सगळा वेळ फाइल लिहिण्यासाठी अडकलेली. इनपुट घेणं, नेटवरून काही आणणं, हे सगळं ट्रान्झॅक्शनच्या बाहेर आधी उरकून घ्या आणि मग झटकन लिहून मोकळे व्हा. अजून एक नेहमीचं कारण म्हणजे डीबी ब्राउझरसारखं एखादं टूल बाजूला उघडं असतं, त्यात एक सेल बदललेला असतो आणि सेव्हचं बटण दाबलेलं नसतं, तेही उघडं ट्रान्झॅक्शनच. लॉक आला की आधी ते टूल बघा.

नोंदी गायब व्हायचं दुसरं एक कारण ट्रान्झॅक्शनशी अजिबात संबंधित नाही, तेही तपासून घ्या. कनेक्टला फाइलचं नुसतं नाव दिलं आणि प्रोग्राम वेगळ्या फोल्डरमधून चालवला तर तिथे ती फाइल नसते, आणि एसक्यूलाइट तक्रार न करता नवीन रिकामी फाइल बनवतं. तुमचा कोड 'क्रिएट टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स' ने सुरू होत असेल, बहुतेकांचा होतो, तर टेबलही बनतं आणि सगळं सुरळीत चाललंय असं दिसतं, फक्त आत काहीच नसतं. कॉम्प्युटरवर त्या नावाच्या किती फाइली आहेत ते शोधा, दोन-तीन सापडल्या तर कारण मिळालं. उपाय सोपा, फाइलचा पत्ता स्क्रिप्टच्या फोल्डरवरून पाथलिबने पूर्ण बनवा आणि प्रोग्राम सुरू होताना तो पत्ता एकदा प्रिंट करा.

इथपर्यंतचं म्हणजे, विथ वापरा, ट्रान्झॅक्शन आटोपशीर ठेवा, कनेक्शन वेगळं बंद करा, पत्ता पूर्ण द्या. तुमच्या विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथे झालं, पण पुढे ज्या ठिकाणी अडकाल तीही सांगून ठेवतो.

व्हॅल्यू कधीही एफ-स्ट्रिंगने एसक्यूएलमध्ये चिकटवू नका, प्रश्नचिन्ह वापरा. सुरक्षेचा मुद्दा आहेच, कुणीही इनपुटमधून तुमची क्वेरी फिरवू शकतं, पण त्याच्याही आधी डी'सूझा असं नाव आलं तरी मधल्या त्या चिन्हावर क्वेरी मोडते. प्रश्नचिन्ह वापरताना मात्र एक गंमतशीर एरर प्रत्येकाला एकदा तरी भेटते. तुम्ही लिहिता, कॉन.एक्झिक्यूट("सिलेक्ट * फ्रॉम वाचक व्हेअर नाव = ?", (नाव)), आणि नाव आहे 'सविता'. एरर येते की क्वेरीला १ व्हॅल्यू हवी होती आणि तुम्ही ५ दिल्या. डोळ्यांना तर सविता तीन अक्षरी, पाच कुठून आल्या? तर कंसात एकच गोष्ट असली की पायथन त्याला टपल मानत नाही, स्वल्पविराम लागतो, (नाव,) असा. तो नसल्यामुळे स्ट्रिंगच व्हॅल्यूंची यादी म्हणून गेली, आणि पायथनच्या हिशोबात सविता म्हणजे स, व, ऱ्हस्व इकार, त, काना, असे पाच कॅरेक्टर. एकदा हे समजलं की परत चुकणार नाही. आणि टेबलचं किंवा कॉलमचं नाव प्रश्नचिन्हाने देता येत नाही, तिथे फक्त व्हॅल्यू चालतात, नावं लागलीच तर आपल्या कोडमधल्या ठरावीक यादीतूनच घ्या.

देवनागरीवरूनच अजून एक, हे मला इंग्रजी पुस्तकांत कधी वाचायला मिळालं नाही, स्वतःच्या कामात सापडलं. एसक्यूलाइटमध्ये कॉलमचा प्रकार ही सक्ती नसते. इंटिजर कॉलममध्ये 'दहा' असं लिहून पाठवलंत तरी निमूट टेक्स्ट म्हणून ठेवतं. इंग्रजी आकड्यांतली स्ट्रिंग दिली तर तिचं ते आकड्यात रूपांतर करतं, पण युजरने मराठी कीबोर्डवरून १२ असं टाइप केलं तर एसक्यूलाइटला ते आकडे म्हणून ओळखताच येत नाहीत, ते टेक्स्टच राहतं. पायथनच्या इंटला मात्र देवनागरी आकडे कळतात! म्हणजे तुम्ही तपासणी म्हणून इंट करून बघता, ती पास होते, आणि साठवताना मूळ स्ट्रिंग पाठवता. मग समने बेरीज केली की ती ओळ शून्य धरली जाते, आणि तुलना केली तर कुठल्याही आकड्यापेक्षा टेक्स्ट मोठंच ठरतं, म्हणून 'पानं ५०० पेक्षा जास्त' विचारलं की १२ पानांची पुस्तिकाही यादीत हजर. म्हणून इंट करून आलेली व्हॅल्यूच साठवा. शिवाय टेबल बनवताना शेवटी 'स्ट्रिक्ट' लिहा, मग चुकीचा प्रकार आला की तिथल्या तिथे एरर मिळते. ही सोय एसक्यूलाइट ३.३७ पासून, २०२१ साली आली. तुमच्या पायथनसोबत कुठलं एसक्यूलाइट आहे ते मॉड्यूलमधलं एसक्यूलाइट-व्हर्जन प्रिंट करून बघा, पायथनच्या व्हर्जनशी त्याची गल्लत करू नका.

तसंच 'ऱ'. युनिकोडमध्ये तो एकाच कॅरेक्टरने लिहिता येतो किंवा र आणि खाली नुक्ता असा दोन कॅरेक्टरनेही. स्क्रीनवर 'ऱ्हास' दोन्हीकडे सारखाच दिसतो, पण एसक्यूलाइट बाइट्सची तुलना करतं, त्यामुळे शोधलं तर सापडत नाही. साठवण्याआधी आणि शोधण्याआधी, दोन्ही वेळा, युनिकोडडेटामधलं नॉर्मलाइज एनएफसी लावून चालवा, म्हणजे अशी अक्षरं एकाच ठरलेल्या रूपात येतात.

आता टेबलांची मांडणी, कारण तुमच्या कोडमध्ये पुस्तकांच्या टेबलमध्येच 'कुणाकडे आहे' असा कॉलम दिसला. त्याने आज काम होईल पण मागच्या वर्षी हे पुस्तक कोणाकोणाकडे गेलं होतं ते कधीच सांगता येणार नाही. तीन टेबलं करा, पुस्तके, वाचक आणि देवघेव. देवघेवीत पुस्तकाचा आयडी, वाचकाचा आयडी, दिल्याची तारीख आणि परत आल्याची तारीख. परत आलं नसेल तर ती तारीख नल. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने टेक्स्ट म्हणून ठेवा, क्रम आपोआप बरोबर लागतो. पायथनची डेट थेट पाठवली तर आत्ता चालते, पण ती आपोआप होणारी बदलाबदल ३.१२ पासून डेप्रिकेटेड आहे, म्हणून आयसोफॉरमॅट करून पाठवा.

बाहेर असलेली पुस्तकं शोधताना 'परत_तारीख = नल' असं लिहिलंत तर कधीच काही मिळणार नाही, कारण नलची बरोबरी कशाशीच होत नाही, नलशीसुद्धा नाही. 'इज नल' लिहायचं. आणि यापुढचा खड्डा जरा खोल आहे. तुम्हाला सगळ्या पुस्तकांची यादी हवी आणि जी पुस्तकं बाहेर आहेत त्यांच्यासमोर वाचकाचं नाव. तुम्ही देवघेवीशी लेफ्ट जॉइन कराल आणि खाली व्हेअरमध्ये 'परत_तारीख इज नल' टाकाल. चालवून बघितलं की बरोबर वाटेल, बाहेर असलेली दिसतात, कधीच कुणाला न दिलेली पण दिसतात. पण एकदा दिलेलं पुस्तक परत आलं की ते यादीतून नाहीसं होतं! कारण त्या पुस्तकाची देवघेवीतली ओळ जॉइनमध्ये सापडली, तिच्यात तारीख भरलेली आहे, आणि व्हेअरने ती ओळ पुस्तकासकट काढून टाकली. अट व्हेअरमधून काढून जॉइनच्या 'ऑन'मध्ये घाला, म्हणजे 'पुस्तक जुळतंय आणि परत_तारीख इज नल', मग न जुळणाऱ्या पुस्तकासमोर नुसती रिकामी जागा येते. नोंदी गायब होतात म्हणताना तुम्ही एका वाक्यात 'विशेषतः परत आलेली पुस्तकं' असं लिहिलं होतंत, म्हणून मला दाट शंका आहे की थोडा घोटाळा इथलाही आहे. फाइलमध्ये नोंद आहे, क्वेरी दाखवत नाहीये. मूळ टेबलवर साधं सिलेक्ट मारून खात्री करा.

एकच पुस्तक एकाच वेळी दोघांना दिल्याची नोंद होऊ नये हे पायथनच्या इफने तपासू नका, डेटाबेसलाच सांगा. देवघेवीत पुस्तकाच्या आयडीवर युनिक इंडेक्स बनवा आणि त्याच्या शेवटी 'व्हेअर परत_तारीख इज नल' लावा. मग परत न आलेल्या नोंदींपुरतंच युनिक बघितलं जातं, जुन्या नोंदी कितीही असू देत. दुसऱ्याला द्यायला गेलात की इंटेग्रिटी एरर येईल, ती पकडा आणि 'हे पुस्तक आधीच बाहेर आहे' असं दाखवा. मला स्वतःला एसक्यूलाइटमधली ही सोय फार आवडते, एका ओळीत काम होतं आणि ते नंतर कुठल्याही प्रोग्राममधून मोडत नाही.

फॉरेन की, म्हणजे देवघेवीतला आयडी खरोखर असलेल्या पुस्तकाचा किंवा वाचकाचाच हवा ही अट, मात्र नुसती लिहून भागत नाही. जुन्या डेटाबेस फाइली मोडू नयेत म्हणून तिची तपासणी डिफॉल्टने बंद असते, प्रत्येक कनेक्शन उघडल्यावर 'प्रॅग्मा फॉरेन_कीज = ऑन' चालवायला लागतं. प्रत्येक कनेक्शनवर, फाइलमध्ये ते साठत नाही. आणि ट्रान्झॅक्शन चालू असताना चालवलं तर त्याचा काही परिणाम होत नाही, एररही येत नाही, म्हणून कनेक्टच्या लगेच खालीच ती ओळ हवी. मी तर कनेक्ट करणारं एकच छोटं फंक्शन लिहितो, त्यात पत्ता, हा प्रॅग्मा आणि रो-फॅक्टरी एवढं असतं, सगळीकडे तेच वापरतो. रो-फॅक्टरीला एसक्यूलाइट-३ मधला रो दिला की ओळ[३] ऐवजी ओळ['नाव'] लिहिता येतं, मध्ये कॉलम वाढवला तरी कोड मोडत नाही.

वेगाबद्दल फार लिहीत नाही, तुमच्या कामाला आत्ता गरज नाही. फक्त जुनी यादी सीएसव्हीमधून एकदम भरणार असाल तर लूपच्या आत प्रत्येक ओळीला कमिट करू नका. महाग असतं ते कमिट, कारण लिहिलेलं खरंच डिस्कवर पोचलंय याची तेव्हा खात्री केली जाते. एसक्यूलाइटच्याच माहितीनुसार साध्या डेस्कटॉपवर सेकंदाला ५०,०००च्या वर इन्सर्ट होऊ शकतात, पण ट्रान्झॅक्शन मात्र फिरत्या हार्ड डिस्कवर काही डझनच. एक विथ, आत एक्झिक्यूटमेनी, संपलं. पुढे कधी सर्च हळू वाटला तर क्वेरीच्या आधी 'एक्सप्लेन क्वेरी प्लॅन' लावून बघा, 'स्कॅन' दिसलं तर पूर्ण टेबल चाळलं जातंय, 'सर्च' दिसलं तर इंडेक्स वापरला जातोय.

लॉकवर तुम्हाला कुणीतरी वॉल मोड (राइट-अहेड लॉगिंग) सुचवेल. चांगला आहे, २०१० पासून आहे, त्यात वाचणारे आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत. लिहिणारा मात्र तरीही एकच, त्यामुळे उघडं ठेवलेलं ट्रान्झॅक्शन वॉलने सुटत नाही, आधी वर सांगितलेलं करा. आणि वॉल लावलात तर बॅकअप जपून. मुख्य फाइलच्या शेजारी वॉल नावाची आणखी एक फाइल तयार होते, ताजं लिखाण आधी तिच्यात जातं. प्रोग्राम चालू असताना फक्त मुख्य फाइल कॉपी केलीत तर शेवटच्या नोंदी कॉपीत येतीलच असं नाही, मी एका कामात अशी अर्धी कॉपी घेऊन बसलो होतो आणि ते कळलं ती कॉपी परत लावायची वेळ आली तेव्हा. कनेक्शनवरच बॅकअप नावाची मेथड आहे, पायथन ३.७ पासून, तीच वापरा. फाइल नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये असेल तर वॉल चालतच नाही, खरं तर तिथे एसक्यूलाइट ठेवूच नका.

आता मित्राचं म्हणणं. एसक्यूएलअल्केमी उत्तम आहे, मी वापरतो. पण ते शिकावं का हे तुम्ही कशासाठी शिकताय त्यावर अवलंबून आहे. पुढच्या महिन्यात नोकरीवर रुजू होणार आहात आणि तिथे तेच वापरतात, तर आजच सुरू करा, फक्त इंजिन बनवताना इको ट्रू ठेवा, म्हणजे मागे खरं एसक्यूएल काय जातंय ते प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर येईल. तशी घाई नसेल तर अजून तीन-चार आठवडे हाच प्रोग्राम साध्या मॉड्यूलवर पूर्ण करा. कारण वर जे जे लिहिलं त्यातलं ओआरएम तुमच्यासाठी फारसं काही ठरवत नाही. तिथेही सेशन असतं, तिथेही कमिट विसरता येतं, लेफ्ट जॉइनची अट तिथेही चुकीच्या जागी घालता येते, फॉरेन कीचा प्रॅग्मा तिथेही स्वतःच लावावा लागतो, फक्त चूक शोधायला अजून एक थर खाली उतरावं लागतं. शंभर पुस्तकं दाखवताना प्रत्येकाच्या वाचकासाठी वेगळी क्वेरी जाऊन १०१ क्वेऱ्या होणं हा प्रकार तर ओआरएममध्येच जास्त दिसतो, आणि ज्याने हाताने जॉइन लिहिलाय त्याला तो चटकन ओळखता येतो. मधला रस्ता हवा असेल तर पीवी नावाचं ओआरएम बघा, लहान आहे, एका दुपारी वाचून होतं.

आणि एसक्यूलाइट सोडून पोस्टग्रेससारख्या सर्व्हरवाल्या डेटाबेसवर कधी जायचं असंही तुम्ही शेवटी विचारलं होतंत. वेगवेगळ्या मशीनवरून बरेच जण एकाच वेळी लिहिणार असतील तेव्हा. पुस्तकांच्या नोंदी एकाच कॉम्प्युटरवर एखाद-दोन माणसं करणार असतील तर कधीच नाही, संख्या कितीही वाढली तरी.

आधी दोन खिडक्यांचा प्रयोग करा, मग त्या नावाच्या फाइली किती आहेत ते शोधा, मग लेफ्ट जॉइनची क्वेरी तपासा, याच क्रमाने. तरी नोंदी जात असतील तर कनेक्ट करणारा भाग, इन्सर्टचं पूर्ण फंक्शन आणि एसक्यूलाइटचं व्हर्जन इथे टाका. फंक्शन पूर्ण टाका, मधल्या ओळी गाळू नका, कमिट नेमकं कुठल्या इफच्या आत बसलंय ते मला बघायचंय.